हद्दीबाहेरचा ठिपका

"पिनकोड?" नेरिसने विचारलं.

म्हाताऱ्या इद्वलने सांगितला. नेरिसचं पेन कागदावर टेकलं आणि तिथंच थांबलं.

ग्रंथालयाच्या माडीवर नगरपालिकेने लोकांचं मत अजमावायला फळा लावला होता. मजकूर सोपा होता. येत्या एप्रिलपासून दफनभूमीचे दर वाढणार. गावच्या मयताला थोडे, परगावच्या मयताला चौपट. मान्य असेल त्याने हिरवा ठिपका चिकटवायचा, नसेल त्याने लाल. खुर्च्या चाळीस मांडल्या होत्या, तव्यावरचे मनुकांचे केक साठ. आली दोन माणसं आणि एक कुत्रा. त्यातला पक्कं मत ठरवून आलेला कुत्राच, आणि ते केकबद्दल होतं.

"इद्वलकाका, हा पुलापलीकडचा पिनकोड आहे," नेरिस हळूच म्हणाली.

"वृद्धाश्रमाचा आहे. गावातला तुम्ही बंद केलात आणि मला तिकडे नेऊन ठेवलंत. गाडीसुद्धा तुमचीच होती."

"मी नव्हते हो तेव्हा नगरपालिकेत."

"शाळेत होतीस. तुझ्या आजोबांना मी पुरलं तेव्हा पांढरे मोजे घालून चिखलात उभी होतीस."

वेल्सच्या त्या ओल्या दरीत माणसाचं काम हेच त्याचं आडनाव. दूधवाला दाई, पाववाला एमरिस, तसा हा थडगेवाला इद्वल. चाळीस वर्षांत त्याने अर्धं गाव जमिनीखाली पोचवलं, आणि कामाबद्दल एकाचीही तक्रार आली नाही. जोडप्याची कबर तिथे एकच खणतात. आधी गेलेलं माणूस खाली, मागून येणारं वर. बायकोसाठी, ओल्वेनसाठी, खणताना इद्वल इतका खोल गेला की वर आला तेव्हा बुटाला कोळसा चिकटलेला होता, असं लोक सांगतात. खोटं असेलही. पण त्या हिवाळ्यात त्याची शेगडी एक दिवस विझली नाही.

आता मागून येणारा परगावचा ठरला होता. मातीसाठी त्याने जे बाजूला ठेवलं होतं ते एकपटीला जेमतेम पुरत होतं. चौपटीला आणखी तीन जन्म फावडं मारावं लागलं असतं. नाहीतर पलीकडची नगरपालिका त्याला फुकट जाळणार होती, शहरातल्या भट्टीत. राख कुठे जाते ते शहरालाच ठाऊक.

"हद्दीबाहेरच्यांचं मत धरत नाहीत, काका. नियम आहे."

"मग ओल्वेनचा ठिपका दे. ती हद्दीतच राहते. अकरा वर्षांत एक रात्र घराबाहेर काढली नाही तिने."

नेरिसला हसू आलं आणि लगेच गेलं. "नाव यादीत लागतं हो."

"तिचं दगडावर आहे. तुमच्या यादीपेक्षा टिकेल."

तेवढ्यात कुत्र्याच्या मालकीणबाई, प्रोबर्टबाई, फळ्याकडे गेल्या. त्यांना पिनकोड कुणी विचारला नव्हता; त्यांचं घर ग्रंथालयाला लागूनच. त्यांनी हिरवा ठिपका लावला आणि अंगठ्याने चांगला दाबला.

"बरं केलं बाई," त्या म्हणाल्या. "इंग्लंडातली पेन्शनर मंडळी येतात, शनिवार-रविवारपुरतं घर घेतात आणि मरताना डोंगराकडचाच उतार मागतात. आपल्या पोरांनी मेल्यावर उभं राहायचं का?"

"खरंय," इद्वल म्हणाला.

"आमच्या ह्यांच्यासाठी तूच खणलंस. पावसात. पैसे घेतले नव्हतेस."

"दिले होतेस. मटणाचा रस्सा दिला होतास."

"मग? तू पुलापलीकडे राहिलास म्हणून काय झालं? तू आपला माणूस."

"हे त्या फळ्याला सांग, बाई."

प्रोबर्टबाईंनी फळा पुन्हा वाचला. या वेळी ओठ हलवत, शब्दाशब्दावर थांबत. मग त्यांनी हातातला केक खुर्चीवर ठेवला आणि नखाने ठिपका खरवडायला लागल्या. नगरपालिकेने लावलेलं काहीच त्या गावात टिकत नाही. बाकं मोडतात, पाट्या गळतात. गोंद तेवढा टिकला. कागदाचा टवका निघाला, ठिपका नाही निघाला.

"राहू दे," इद्वल म्हणाला. "नख मोडेल."

कुत्र्याने खुर्चीवरचा केक खाल्ला. कुणी त्याला रागावलं नाही.

इद्वल काठी घेऊन उठला तेव्हा नेरिसने कागदावरून एक लाल ठिपका सोडवला आणि मान वर न करता त्याच्या बोटाच्या टोकावर चिकटवला.

"हा मोजला जाणार नाही, काका."

"ठाऊक आहे मला."

ते बोट तसंच हवेत धरून तो पूल उतरला. वाटेत दूधवाल्या दाईने गाडीतून हात केला, तर यानेही बोट वर केलं. आभाळाकडे काय दाखवतोय म्हणून दाईने गाडी थांबवून वर बघितलं. वर ढगांशिवाय काही नव्हतं.

वृद्धाश्रमात इद्वलची खोली नदीच्या अंगाला; खिडकीतून पलीकडचा दफनभूमीचा उतार दिसायचा. तो खुर्चीत बसला, पाठ टेकली, एक डोळा मिटला. काचेवर बोट आधी डावीकडे नेलं, मग जरासं खाली, मग केसभर वर, आणि दाबलं.

संध्याकाळी औषध घेऊन आलेल्या मुलीला काचेवरचा ठिपका दिसला.

"हे काय चिकटवलंत, इद्वल? काढून टाकू?"

"असू दे," तो म्हणाला. त्याचा एक डोळा मिटलेलाच होता. "झाडताना खुर्ची तेवढी हलवू नकोस."