दुसऱ्या मुठीचं बटण

संघपालनं बॅटरी काढून बाकावर ठेवली आणि कुंपण छाटायचं मशिन रूपालीच्या हातात दिलं.

"बॅटरी आत असताना पात्याला बोट लावायचं नाय, वहिनी. फांदी अडकली तरी नाय. आधी बॅटरी बाहेर."

रूपालीनं मान डोलावली. गारखेड्यातल्या या सोसायटीत तिचा आज पहिला दिवस होता. दोन महिन्यांपूर्वीपर्यंत हे काम तिचा नवरा सोमनाथ करायचा. मेंदीचं कुंपण छाटताना त्याच्या डाव्या हाताची चार बोटं गेली. अपघाताच्या कागदावर कारण लिहिलं गेलं, कामगाराचा निष्काळजीपणा. सोमनाथनं त्याखाली मुकाट सही केली. तेव्हापासून तो घराबाहेर पडला नव्हता. संघपाल अकरा वर्षं त्याच्यासोबत याच बागेत राबला होता. पण अपघातानंतर तो सोमनाथला बघायला एकदाही गेला नव्हता.

संघपाल भराभर शिकवत होता. ही दातेरी पाती. हा हातापुढचा आडोसा. ही मागची मूठ, ही पुढची. दोन्ही मुठींना एकेक बटण.

"दोन्ही बटणं दाबल्याशिवाय पातं हलत नाय. एक हात सुटला की मशिन बंद."

रूपालीनं दोन्ही मुठी धरल्या. मग डावा हात सोडला आणि त्याच्याकडं बघत राहिली.

"मग यांचा डावा हात पात्यात गेला कसा?"

संघपालनं खिशातलं फडकं काढलं. पातं स्वच्छच होतं, तरी तो पुसत बसला.

"पुढचं बटण मी टेप लावून दाबून ठेवलं होतं," तो शेवटी म्हणाला. "एका हातानं फांदी धरायची, दुसऱ्यानं छाटायची. सोसायटीच्या साहेबाला दुपारच्या आत समदं कुंपण पाहिजे होतं. सोमनाथ नको म्हणत होता. मीच म्हणलो, काय होत नाय."

तो पुन्हा तेच पातं पुसू लागला.

"तो खाली पडला होता, वहिनी. अन् मी आधी टेप काढली. मग माणसं बोलावली."

त्यानं मान वर केली नाही. ती शिव्या देईल, निदान मशिन टाकून निघून तरी जाईल, असं त्याला वाटलं. रूपाली जागची हलली नाही.

"मला ठाऊक हाय, भाऊ. यांनी दवाखान्यातच सांगितलं होतं. तुमचं नाव कुठं येऊ नाय दिलं, एवढंच."

संघपालच्या हातातलं फडकं थांबलं.

"मला या कामावर यांनीच धाडलं," ती म्हणाली. "म्हणाले, मशिन शिकायचं तर संघपालकडूनच शीक. तो आता कुणाला चुकीचं शिकवणार नाय."