तेवीस नंबरचा बिल्ला

फळ्यावरचे सगळे बिल्ले जागच्या जागी होते, आणि रोक्सानाला घाम फुटला होता.

बाहेर धुकं खालून वर चढत होतं. दुपारी इथून अख्खं सांतियागो दिसत होतं, आता माणसांना डोंगरावर नेणाऱ्या खुर्च्यांच्या तारेचा दुसरा खांबही दिसेना. पांढरा वारा सुटला होता. तो पडलेला बर्फ उचलून परत हवेत उधळतो, आणि मग वर कुठलं नि खाली कुठलं हे माणसाला कळत नाही.

स्कीइंग क्लबचा नियम साधा होता. सकाळी वर जाताना प्रत्येकाने आपल्या नंबरचा पितळी बिल्ला खिशात घालायचा, आणि चारच्या आत परत येऊन आपल्याच हाताने तो खिळ्याला अडकवायचा. फळा भरला की डोंगर रिकामा झाला असं समजायचं. मग खुर्च्यांचं इंजिन बंद व्हायचं, आणि बचावाची दोन माणसंसुद्धा सगळ्यांबरोबर बसमध्ये बसून शहरात जायची. तीनदा उशीर झाला, तर हंगामभर बंदी आणि घरी चिठ्ठी.

रोक्सानाच्या धाकट्या बहिणीचे, इव्हॉनचे, दोन उशीर होऊन गेले होते. म्हणून जेवणाच्या सुट्टीत तिने आपला तेवीस नंबरचा बिल्ला रोक्सानाच्या मुठीत कोंबला होता.

"चारला माझापण लाव ना गं, ताई. बाबांना चिठ्ठी गेली तर मला उंबरा ओलांडू देणार नाहीत."

"कोण आहे तो?"

"स्नोबोर्डवाला आहे, एवढंच सांगते. घळीकडे जाऊन बस सुटायच्या आत परत येते. आईशप्पथ."

रोक्सानाने चारला दोन बिल्ले अडकवले. आता पाचला दहा कमी होते.

"अबेलार्दो, अरे इंजिन बंद कर की!" दारातून बसचा ड्रायव्हर ओरडला. "फळा भरलाय. रस्त्याच्या चाळीस वळणांवरून या धुक्यात बस तू उतरवणार आहेस का?"

डॉन अबेलार्दो हलला नाही. सगळे आदराने 'डॉन' म्हणत त्या या म्हाताऱ्याच्या ताब्यात पंचवीस वर्षं तो फळा होता. एका सिनेटरच्या मुलालाही त्याने हंगामभर घरी बसवलं होतं. सकाळी स्नोबोर्डवाल्या पोरांना बघून तो म्हणाला होता, "आयांनी इस्त्री करायची कशावर? फळ्या तर यांनी पळवल्या." सगळे पोट धरून हसले होते. आता त्याच्या तोंडावर हसू नव्हतं. तो फळ्यासमोर उभा राहून एकेका नंबरावर बोट ठेवत होता.

"सगळ्यांनी आपापल्या हाताने लावलेत ना?" त्याने खोलीभर नजर फिरवली.

तो हे तिसऱ्यांदा विचारत होता. रोक्सानाला वाटलं, याला कळलंय. आपल्याच तोंडून वदवून घ्यायचंय याला.

"हो, डॉन अबेलार्दो," चारपाच जण कंटाळून म्हणाले. रोक्सानाचेही ओठ हलले.

"तुझी बहीण कुठेय गं?" ड्रायव्हरने विचारलं.

"मैत्रिणीच्या गाडीतून पुढे गेली."

खोटं किती सहज निघालं. खिडकीची काच वाऱ्याने थडथडली. लोक बूट आवरून बसकडे निघाले. बचावाच्या दोघांतल्या एकाने तर पायातले जड बूट काढून साधे जोडे चढवले, आणि उरलेला चहा घटाघटा संपवला.

"चल रे म्हाताऱ्या," ड्रायव्हर म्हणाला. "का रात्रभर बिल्ल्यांशी गप्पा मारायच्यात?"

डॉन अबेलार्दो इंजिनच्या खोलीकडे निघाला. दोन पावलं गेला, थांबला, आणि खिडकीतून वर बघू लागला. वर पांढऱ्या भिंतीशिवाय काही नव्हतं. मग त्या खोलीच्या दाराशी पोचून त्याने इंजिन बंद करायच्या दांड्यावर हात ठेवला. इंजिन थांबलं, तर ते तापून पुन्हा सुरू व्हायला पाऊण तास लागायचा. पाऊण तासात अंधार पडणार होता.

रोक्सानाच्या डोळ्यांसमोर क्षणभर बाबांचा चेहरा आला, हातात चिठ्ठी धरलेला. मग इव्हॉनचा आला. तिचे हातमोजे पातळ होते. सकाळीच रोक्साना तिला त्यावरून रागावली होती.

ती उठली. फळ्यापाशी गेली. तेवीस नंबरचा बिल्ला काढताना शेजारचे दोन बिल्ले किणकिणले.

"हा मी लावला होता," ती म्हणाली. "इव्हॉन वर आहे. घळीकडे."

दारातले लोक जागीच थबकले. "अगं बाई!" कुणीतरी पुटपुटलं. ड्रायव्हरने टोपी काढली.

रोक्साना शिव्यांची वाट बघत होती. डॉन अबेलार्दोने दांड्यावरचा हात काढून घेतला. इंजिन धडधडत राहिलं.

"एकटी आहे?" त्याने घाईने विचारलं.

"नाही. एक मुलगा आहे बरोबर. कोण ते सांगितलं नाही तिने. स्नोबोर्डवाला, एवढंच म्हणाली."

त्याने शिट्टी वाजवली, इतक्या जोराने की बसमध्ये बसलेलेही बाहेर आले. "दोघं वर चला! दोर, कंदील, दोन स्ट्रेचर!"

"दोन? फळ्यावर तर एकच बिल्ला कमी आहे," बूट परत चढवता चढवता बचाववाला म्हणाला.

डॉन अबेलार्दो फळ्याकडे वळला. सगळ्यात वरच्या ओळीतला चार नंबरचा बिल्ला त्याने खाली काढला, आणि मान खाली घालून तो रोक्सानाच्या हातावर, तेविसाच्या शेजारी ठेवला.

"माझ्या पोराचा आहे, लाउतारोचा," तो म्हणाला. "मीच लावला होता. तासभर थांबलोय, पोरी, कुणीतरी आधी बोलेल म्हणून."