कॅप्सूलचं वजन

कॅप्सूलच्या दोन टोप्यांपैकी निळी किंचित रुंद असते. ती सरळ ओढली तर पिचते. जराशी फिरवली की अलगद निघते.

आठ महिन्यांत तिचा हात बसला होता. ती डेअरीच्या प्रयोगशाळेत दूध तपासायची. नवरा सुतार. शिडीवरून पडला, तेव्हापासून या वेदनाशामक कॅप्सूल सुरू झाल्या. पाठ बरी झाली, पण कॅप्सूल सुटेनात. एकदा कॅप्सूलचा डबा मिळाला नाही म्हणून त्याने स्वतः घडवलेलं कपाट पटाशीने फोडलं. डॉक्टर म्हणाले होते, एकदम बंद करू नका, हळूहळू उतरवा. तो ऐकेना.

मग तिनेच त्याच्या नकळत सुरुवात केली. जेवणाच्या सुट्टीत प्रयोगशाळेच्या काट्यावर दर आठवड्याला आतली पूड थोडी कमी करायची, तितकंच ग्लुकोज भरायचं. वजन तेच. गेले दोन महिने तो निव्वळ ग्लुकोज गिळत होता.

दगदग तिच्या अंगावर दिसू लागली होती. काट्यासमोर डोळा लागला म्हणून साहेब बोलले. मानेला सारखी खाज सुटायची.

रविवारी सकाळी त्याने कितीतरी दिवसांनी रंधा हातात घेतला. सासूबाई शेजारी वाटाणे सोलत होत्या.

"बघ, हात कापत नाही," तो म्हणाला. "आजपासून कॅप्सूल बंद. नवी चिठ्ठीही आणू नकोस."

"घाई कशाला? दोन महिने जाऊ देत."

"अगं, सोडा सोडा म्हणून तूच डोकं खात होतीस ना?"

"सुंठीवाचून खोकला जातोय, तर जाऊ दे की," सासूबाई म्हणाल्या. "आणि तू रे, आता त्या कपाटाला दार बसव."

तो हसत उठला, फळीवरचा नवा डबा घेऊन मोरीकडे निघाला. ती धावली. दोन्ही हातांनी तिने डबा धरला.

"सोड. मी पुन्हा तसा होईन असं वाटतं तुला?"

"नाही होणार," ती म्हणाली. "तुम्ही कधीच सुटलात. दोन महिने मी तुम्हाला नुसतं ग्लुकोज देतेय."

त्याने डबा सोडला. सासूबाईंच्या हातातली शेंग तशीच राहिली. मग त्यांनी पदर डोळ्यांना लावला. "पोरी, जिंकलीस गं तू."

"आणि मला सांगितलंही नाहीस!" त्याने हात पुढे केला. "मग आता कसली भीती? दे, फेकून देतो."

तिने डबा छातीशी घट्ट धरला. बोटं सुटत नव्हती. कितीतरी सकाळी ती हे वाक्य मनात जुळवायची आणि गिळून टाकायची.

"अहो, मला दवाखान्यात भरती करा," ती म्हणाली. "काढलेली पूड मी एकदाही फेकली नाही."