उतरता

टोपावरचं झाकण खडखडलं आणि मांडीवरचं बाळ दचकलं. दूध सोडून पुन्हा रडायला लागलं.

चुलीवर रानडुकराचं मटण शिजत होतं. काजूच्या बागेत लावलेल्या फाशातून सुशांत भावजींनी ते पहाटेच गुपचूप आणलं होतं.

"काजूचे बोंडू खावन माजलेलो डुकर तो!" सासूबाई खुशीत होत्या. "जनावर खाता तां मटणात उतरता. बघ कसा गोड लागतला."

मग माझ्याकडे वळल्या. त्यांचा आवाज चढला की माझं अंग आपोआप आखडतं.

"बाळंतिणीचा पण तसाच. तू कायतरी वायट खाल्लंस, म्हणान पोर दूध धरणा नाय."

मी काय खाणार? माझं ताट त्याच वाढतात, पेज नि मऊ भात. चार दिवस वालावलला, माझ्या आईकडे जाऊ का विचारलं, तर म्हणाल्या, "आधी पोर दुधाक लागांदे. तवसर खंय जावचा नाय."

एवढ्यात त्यांनी मटणाचा तुकडा चाखला आणि तोंड वाकडं केलं. "शी! कडू कसा लागता रे ह्या?"

भावजी खाली बघत म्हणाले, "फाशात रातभर धडपडत होतो गो. भियालेल्या जनावराचा मटण कडूच लागता. मगे तेणी कितीय बोंडू खाल्ल्यान तरी."

पाच वर्षांची सृष्टी माझ्याजवळ सरकली. रडणाऱ्या बाळाकडे बघत तिने हळूच विचारलं,


"आई, भियालेल्या आईचा दूध पण कडू लागता काय गो?"