सव्वाचार हात

सूत मधल्या बोटाच्या टोकाशी थांबायला हवे होते. ते अर्धे बोट पुढे सरकले. शामकलाने ते पाहिले आणि हात तसाच ताठ धरून ठेवला.

आई, धुरपताबाई, लेकीचे माप घेत होती. दरवर्षी महाशिवरात्रीच्या आधी ती शामकलाला भिंतीशी उभी करायची, टाळूपासून टाचेपर्यंत कच्चे सूत धरून तोडायची आणि मग शामकलाच्याच हाताने, कोपरापासून बोटाच्या टोकापर्यंत, ते मोजायची. माणूस आपल्या हाताने साडेतीन हात भरतो. शामकला सव्वाचार भरायची. धड चारचौघींसारखे, हातपाय तेवढे आखूड. मोजलेले सूत प्रतापगडच्या महादेवाला वाहून, पोरीचे माप पुरे कर म्हणायचे. अशी अकरा सुते वाहून झाली होती. शामकला बावीस वर्षांची झाली होती.

"चारच भरले," धुरपताबाई म्हणाली. "औंदा हात वाढला. देव आयकून राहिला."

ओसरीवर मामा श्यामलाल बसला होता. धाकट्या सुलोचनासाठी आमगावचे एकच स्थळ घेऊन तो तिसऱ्या वर्षी आला होता. थोरली घरात असताना धाकटीला उजवायचे नाही, ही घरची रीत. आधीच्या दोन्ही वर्षी त्याला एकच उत्तर मिळाले होते, पुढच्या साली पाहू.

"भाऊजी, ते लोक आता दुसरी पोरगी पाहून राहिले," तो म्हणाला. "आज हो का नाही, येवढं सांगा. पुस्तकातलं नोका सांगू."

शामकलाचे बाबा केशोराव मास्तर यांच्या मांडीवर नागपूरहून आणलेले पुस्तक उघडे होते. वानरांचे सांगाडे, शेवटी माणसाचा. शामकलाला ते पान पाठ होते. लहानपणी बाबांनीच त्यावर बोट ठेवून सांगितले होते : झाडावर राहणाऱ्यांचे हात लांब, पाय आखूड. जमिनीवर चालू लागले त्यांच्यात लांब पायांचे तगले, आणि लाखो वर्षांत माणसाचे हे माप ठरत आले.

"मंग मी?" तिने विचारले होते.

बाबांनी पान उलटले होते.

धुरपताबाई सूत घेऊन ओसरीच्या दारात आली. "चारच भरले. पुढच्या साली साडेतीन होतीन. थांबा म्हणा त्यायले."

मास्तरांनी चष्मा काढला. "पुस्तकात समद्या माणसायचं सापडते," ते म्हणाले. "एका पोरीचं नाही सापडत. लय शोधलं मी."

"मंग कायले वाचत बसता?" धुरपताबाईने विचारले.

मास्तरांनी पुस्तक मिटले. आत सुलोचना दळत होती. तिचे जाते थांबले.

शामकला आईच्या मागून पुढे आली. तिने आईच्या हातातले सूत घेतले आणि आपल्या हाताने पुन्हा मोजले, दर वेळी बोटाच्या टोकाशी थांबत. सव्वाचार. मग ते पंज्याभोवती गुंडाळून तिने घडी केली आणि आईच्या ओंजळीत ठेवली.

"मामा, आमगावले हो म्हणून सांगजा," ती म्हणाली. "माय, हे सूत हळदीत भिजव. सुलोचनाच्या लग्नात काकणाले लागल."