केशरी जाकिटाची चेन

मुरुडजवळचे डोंगर चढायला येणाऱ्यांना विनिता पावसाळी जाकिटं भाड्याने देई. परत आलेलं जाकीट गोड्या पाण्यात खंगाळायचं, साबणाची पूड लावायची नाही, आणि चेन पूर्ण उघडी ठेवून पडवीत सावलीला टांगायचं, हा तिचा शिरस्ता.

त्या दिवशी सकाळी धुतलेल्या केशरी जाकिटाची चेन मात्र गळ्यापर्यंत लावलेली दिसली. ते कुणी परत आणून दिलं होतं, तेही तिला आठवेना. तिने चेन खाली ओढली आणि पाठ वळवली.

झर्र.

वळून पाहिलं, तर चेन वर.

"वाऱ्यानं लागली असंल," तिचा नवरा धनेश हसला.

"वारा चेन लावतो व्हय?"

तिने पुन्हा उघडली. चुलीपाशी पोचते न पोचते तोच, झर्र.

तिन्हीसांजेला कपडे बाहेर ठेवू नयेत, म्हणून दिवेलागणीआधी दोघं दोरी रिकामी करायला गेली. बाकीची जाकिटं वाऱ्याने फडफडत होती. केशरी तेवढं जड, सरळ लोंबत होतं.

"उगाच घाबरतेस," म्हणत धनेशने चेन उघडून ते अंगातच घातलं. "बघ, काय न्हाय. उलट ऊब हाय आत."

"आवं, ते अजून ओलं हाय. ऊब कसली?"

त्याने उरलेली जाकिटं दोन्ही हातांवर घेतली आणि हसत तिच्याकडे वळला.

झर्र.

त्याचे दोन्ही हात भरलेले होते. चेन पोटावरून छातीवर आली, छातीवरून गळ्याशी. तिथे ती संपते, हे विनिताला पक्कं ठाऊक होतं.

चेन थांबली नाही.