आधीची आई

"माझी आधीची आई हसताना तोंडावर हात धरायची," नुई म्हणाली. "पुढचा दात तुटका होता ना तिचा. लाजायची."

पितरांना वाट दिसावी म्हणून जिन्पाची दारात तागाच्या काड्या पेटवत बसला होता. त्याचा हात थांबला.

तो दात नुईच्या आईचा नव्हता. ओसावाचा होता, त्याच्या पहिल्या बायकोचा. घोड्याने मान झटकली तेव्हा तुटलेला.

असामा डोंगराचा ज्वालामुखी फुटला त्या उन्हाळ्यात दगडमातीचा लोंढा आला आणि गाव गाडलं गेलं. पायऱ्या चढून जे कान्नोन देवीच्या देवळात पोचले, तेवढेच वाचले. जिन्पाची गवत कापायला देवळामागे वर गेला होता, म्हणून तोही. ओसावा आणि दोन्ही मुलं घरी होती.

मग शेजारच्या गावांचे पाटील आले. उरलेल्यांना त्यांनी देवळाच्या अंगणात बसवलं आणि घरं जुळवली. नवरा गेलेलीला बायको गेलेला, लेकरं गेलेल्यांना आईबाप गेलेलं लेकरू. कोण मोठ्या घरचा, कोण लहान, हे कुणी काढायचं नाही, असं बजावलं. जिन्पाचीच्या वाट्याला ओतामी आली, आणि तीन वर्षांची नुई.

पहिला हिवाळा तिघं मुकाट जेवली. शेवटी ओतामीनेच विचारलं, "तुमची ती कशी होती हो?" त्याने सांगितलं. मग तिने आपल्या नवऱ्याचं सांगितलं, अगदी त्याच्या घोरण्यासकट. दोघं हसली, हसता हसता रडली. पुढे चुलीपाशी बसलं की हेच चालायचं. नुई ओतामीच्या मांडीवर झोपलेली असायची. निदान त्यांना तसं वाटायचं.

आता कापणी झाली की नुई सासरी जाणार होती.

"आणि घोड्याला गाणी म्हणायची," काकडीला काड्यांचे पाय लावत ती सांगत होती. पितरांना बसून यायला घोडा नको का? "इतकी बेसूर, की घोडा कान पाडायचा. मला सगळं आठवतं."

ती माझी ओसावा आहे, असं जिन्पाचीच्या अगदी ओठांवर आलं. डोंगराने सगळं नेलं होतं. तिच्या एवढ्या आठवणीच त्याच्यापाशी राहिल्या होत्या.

पण नुईची खरी आई वरच्या आळीतली. तिला त्याने कधी धड पाहिलंही नव्हतं. ज्यांनी पाहिलं होतं, ती अख्खी आळी मातीखाली होती. खरं सांगावं, तर पोरीपाशी आईचं काहीच उरणार नव्हतं.

त्याने ओतामीकडे पाहिलं. तिच्या सगळं लक्षात आलं होतं. भाताचे वाडगे मांडता मांडता ती हळूच म्हणाली, "अहो, पोर आनंदात आहे."

"बाबा," नुईने विचारलं, "तुम्ही ओळखत होता का हो तिला?"

जिन्पाचीने हातातल्या काड्या जाळात टाकल्या. मग सरकून त्याने तिला शेजारी जागा करून दिली.

"ओळखत होतो की," तो म्हणाला. "चांगलं ओळखत होतो. तुझ्यावर फार जीव होता तिचा."